रसिकांपुढे पसरलेली झोळी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गायक नव्हते, वादकही नव्हते. या गावच्या संगीत मंडळाचे ते वर्षानुवर्षं खजिनदार होते. संगीतावरच्या व्याख्यानाला एका खजिनदाराचं नाव असावं ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. गाण्याबद्दल आपण पुष्कळ बोलतो. घराणी, बंदिशी, कुणाचा षड्ज कसा लागला, कुणी मध्यरात्री दरबारी कसा मांडला, या गप्पांना आपल्याकडे अंत नाही. पण ते गाणं आपल्या कानापर्यंत यावं म्हणून कुणी कुणाचे उंबरठे झिजवले, पावती पुस्तक घेऊन कोण फिरलं, तूट आली तेव्हा ती कशी भरली, हे बोलायला आपल्याला संकोच वाटतो. आज मी त्याच विषयावर बोलणार आहे. त्यासाठी तुम्हाला जरा लांब, अमेरिकेतल्या एका उन्हाळी महोत्सवाला घेऊन जाणार आहे. त्याचं नाव टँगलवूड.

मॅसॅच्युसेट्स राज्याच्या पश्चिम टोकाला बर्कशायर हा डोंगराळ भाग आहे. बोस्टनपासून साधारण दोनशे किलोमीटर. लेनॉक्स आणि स्टॉकब्रिज ही तिथली छोटी गावं. एकोणिसाव्या शतकापासून न्यूयॉर्क आणि बोस्टनची धनिक मंडळी उन्हाळा काढायला तिथं येत, आपल्याकडे मुंबईकर महाबळेश्वर-माथेरानला जात तशी. त्यांच्या हवेल्या अजून उभ्या आहेत. नॅथॅनिएल हॉथॉर्न हा कादंबरीकार १८५०-५१ मध्ये तिथं एका लहानशा लाल घरात भाड्यानं राहिला होता. घरमालक होते टॅपन कुटुंबीय. पुढे हॉथॉर्नच्या मुलांसाठीच्या गोष्टींच्या पुस्तकात जे नाव आलं, तेच नाव टॅपन यांच्या त्या जागेला कायमचं चिकटलं.

आता उन्हाळाच का, हे आधी सांगायला हवं. पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा हंगाम शरदात सुरू होतो आणि वसंतात संपतो. एके काळी वादकांना पगार मिळायचा तो त्या हंगामापुरताच. उन्हाळ्यात घर कसं चालवायचं ही प्रत्येकाची स्वतंत्र विवंचना असे. बोस्टन सिंफनी ऑर्केस्ट्रा १८८१ साली हेन्री ली हिगिन्सन या एका पेढीवाल्यानं उभा केला आणि १८८५ मध्ये त्यातूनच 'पॉप्स' म्हणून हलक्याफुलक्या संगीताचा उन्हाळी उपक्रम निघाला. वादकांच्या हाताला काम मिळणं हा त्यामागचा एक सरळ हेतू होता. दरवर्षीची तूट हिगिन्सन स्वतःच्या खिशातून भरत असे, आणि असं १९१८ पर्यंत चाललं. एवढ्या मोठ्या वाद्यवृंदाला एका माणसाच्या खिशाचा आधार होता. आपल्याला हे अनोळखी नाही. कोल्हापूर, बडोदा, मिरज, इचलकरंजी या संस्थानांच्या आधारानं आपलं गाणं असंच वाढलं. ज्यांनी आधार दिला त्यांच्याबद्दल मनात कृतज्ञताच असायला हवी. पण खिसा एकाचा असला की तो माणूस गेल्यावर काय, हा प्रश्न उरतोच.

१९३४ साल. अमेरिकेत महामंदी होती, बँका बुडाल्या होत्या, लोक बेकार झाले होते. अशा वेळी हेन्री हॅडली या संगीतकाराच्या मनात आलं की बर्कशायरच्या डोंगरात उन्हाळी महोत्सव भरवावा. त्याला गर्ट्रूड रॉबिन्सन स्मिथ नावाची एक कर्तबगार बाई भेटली. पैशाची, माणसांची, जागेची सगळी जुळवाजुळव तिनं परिसरातल्या लोकांना हाताशी धरून केली. त्या ऑगस्टमध्ये स्टॉकब्रिजजवळ एका शेतावर, जिथं घोड्यांची प्रदर्शनं भरत त्या रिंगणात, न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचे वादक बसले आणि तीन मैफली झाल्या. दुसऱ्या वर्षी पुन्हा झाल्या. तिसऱ्या वर्षी, १९३६ मध्ये, बाईंनी थेट बोस्टन सिंफनीला आणि तिचा निर्देशक सर्ज कुसेविट्स्की याला बोलावलं. मोठ्या तंबूत झालेल्या त्या तीन मैफलींना मिळून पंधरा हजारांच्या आसपास श्रोते आले. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात टॅपन घराण्यातल्या स्त्रियांनी टँगलवूडची सगळी जागा, २१० एकर, वाद्यवृंदाला देऊ केली.

१९३७ च्या ऑगस्टमध्ये टँगलवूडच्या स्वतःच्या जागेत पहिला महोत्सव सुरू झाला, तोही तंबूतच. पहिली मैफल बीथोवनची होती आणि ती ठीक पार पडली. दुसऱ्या आठवड्यात, १२ ऑगस्टला, कार्यक्रम सगळा वॅग्नरचा होता. 'रिएन्झी'ची पूर्वसंगीतिका सुरू झाली आणि आभाळ फाटलं. तंबूच्या कापडावर पाऊस कसा वाजतो हे आपल्यापैकी ज्यांनी जुनी नाटकं किंवा गणेशोत्सवातले मेळे मांडवात ऐकले आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. जवळच्या माणसाशी बोलायचं तरी ओरडावं लागतं. पावसानं आणि गडगडाटानं ती रचना एकदा थांबली, पुन्हा सुरू झाली, पुन्हा थांबली. कार्यक्रमात पुढे 'सीगफ्रीड'मधला अरण्याच्या कुजबुजीचा भाग होता. तारवाद्यांचं अगदी हळुवार काम आहे ते, पानं हलल्यासारखं. त्या पावसात ते कुणाला ऐकूच येणार नव्हतं, म्हणून तो भाग गाळावा लागला.

मध्यंतर झालं. गर्ट्रूड रॉबिन्सन स्मिथ व्यासपीठावर गेल्या आणि त्यांनी श्रोत्यांपुढे हात पसरले. म्हणाल्या ते साधंच होतं. इथं पक्कं छप्पर हवं, ते तुम्हीच देऊ शकता. समोर बसलेल्यांचे कपडे भिजलेले होते, पायाखाली चिखल होता, आणि ज्यासाठी ते इतक्या लांबून आले होते ते संगीत अर्धवट राहिलं होतं. त्या आवाहनाला तिथल्या तिथं प्रतिसाद मिळाला. ४ ऑगस्ट १९३८ ला, म्हणजे वर्ष पुरं व्हायच्या आत, महोत्सवाचं पक्कं सभागृह उभं राहून त्यात पहिली मैफल झालीसुद्धा.

ते कसं उभं राहिलं हेही ऐकण्यासारखं आहे. आराखड्यासाठी एलिएल सारिनेन या मोठ्या फिनिश वास्तुशिल्पकाराला विनंती केली होती. त्याचा पहिला आराखडा फार खर्चिक निघाला. त्यानं काटछाट केली, तरी तो एक लाख डॉलरच्या मर्यादेत बसेना. शेवटी त्यानं विश्वस्तांना कळवलं की एवढ्याच पैशांत हवं असेल तर ती नुसती शेड होईल, आणि तिला वास्तुशिल्पकार कशाला हवा, ती कुठलाही बांधकाम करणारा बांधू शकेल. विश्वस्तांनी ते मनाला लावून घेतलं नाही. त्यांनी स्टॉकब्रिजच्याच जोसेफ फ्रान्झ या अभियंत्याला बोलावलं. त्यानं आराखडा आणखी साधा केला. पंख्याच्या आकाराचं छप्पर, ते पेलणारे पोलादी खांब, खाली मातीची जमीन, आणि बाजू उघड्या. आत पाच हजार माणसं बसतात. बाजू उघड्या असल्यामुळे बाहेरच्या हिरवळीवर कितीतरी अधिक माणसं बसून ऐकू शकतात. संगमरवरी सभागृह बांधलं असतं तर भिंती आल्या असत्या, आणि भिंती आल्या असत्या तर हिरवळीवरचा श्रोता बाहेरच राहिला असता. पैशाच्या कमतरतेनं जी वास्तू साधी झाली, तीच अधिक लोकांची झाली. १९५९ मध्ये वादकांच्या डोक्यावर ध्वनी परतवणारं छत बसवलं, तेव्हा तिचा नादही सुधारला. आज तिला कुसेविट्स्कीचं नाव आहे, तरी लोक तिला नुसतं 'शेड' म्हणतात.

मित्रहो, त्या मध्यंतरातल्या आवाहनाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. मागणारी बाई स्वतः त्याच पावसात होती. देणाऱ्यांना पैसा कुठं जाणार हे सांगावं लागलं नाही, ते डोक्यावरून गळत होतं. मदतीच्या कार्यक्रमाचं खरं बळ इथं आहे असं मला वाटतं. गरज मागणाऱ्याची आणि देणाऱ्याची एकच असली की देणं हे उपकाराचं उरत नाही.

आपल्याला हे नवीन नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरमध्ये टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी 'संयुक्त मानापमान' झालं. ललितकलादर्शचे केशवराव भोसले आणि गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व एकाच रंगमंचावर उभे राहिले, धैर्यधर आणि भामिनी म्हणून. दोन चढाओढीच्या कंपन्या, दोघांचेही कट्टर चाहते. एरवी या दोघांना एकत्र आणणं कुणाही कंत्राटदाराला साधलं नसतं. ते फंडानं साधलं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात केशवराव गेले. आज शंभर वर्षांनंतरही त्या रात्रीबद्दल आपल्याकडे बोललं जातं, लिहिलं जातं. आणि शाळेच्या इमारतीसाठी, वाचनालयासाठी, पूरग्रस्तांसाठी नाटकाचा प्रयोग लावणं ही तर महाराष्ट्रातल्या गावोगावची रीत आहे. 'च्या साहाय्यार्थ' हे शब्द किती जाहिरातींवर आपण वाचले असतील!

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी मिरजेचा राजाश्रय सोडला आणि ते गाणं घेऊन लोकांत गेले. तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, १९०८ मध्ये मुंबईत आणलं. मोठी इमारत उभी केली. विद्यार्थी तिथंच राहत, जेवत, शिकत. हा सगळा पसारा पंडितजी एकट्याच्या गळ्यावर चालवत होते. जलसे करायचे, पैसा आणायचा, कर्ज फेडायचं. शेवटी त्या कर्जापायी ती इमारत गेली. याचं मला अतिशय दुःख होतं, कारण उणीव पंडितजींच्या जिद्दीत नव्हती. उणीव होती ती त्यांच्या मागं उभ्या राहणाऱ्या शंभर-दोनशे साध्या वर्गणीदारांची. हिगिन्सनचा खिसा आणि पंडितजींचा गळा, दोन्ही एकेकट्याचेच होते. टँगलवूडला छप्पर मिळालं ते भिजलेल्या श्रोत्यांकडून.

आता पैशाचं गणितही थोडं समजून घेऊ. अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या वाद्यवृंदांचा निम्मा खर्चही तिकिटांतून निघत नाही. हे गैरव्यवस्थेमुळे होतं असं नाही. विल्यम बोमल आणि विल्यम बोवेन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली याचं कारण नीट मांडलं. बीथोवनची पाचवी सिंफनी १८०८ मध्ये पहिल्यांदा वाजली तेव्हा तिला जेवढी माणसं आणि जेवढा वेळ लागला, जवळजवळ तेवढाच आजही लागतो. कारखान्यात यंत्रं आली, एका माणसाच्या हातून दहापट माल निघू लागला, त्याची मजुरी वाढली. वादकाला मात्र तीच सिंफनी निम्म्या वेळात वाजवता येत नाही, पण त्याच्या घरची महागाई कारखान्यातल्या माणसाइतकीच वाढलेली असते. म्हणून मैफलीचा खर्च नेहमी तिकिटाच्या पुढे धावतो. आपल्या तानपुऱ्यालाही हे लागू आहे. बडा ख्याल घाईत गाता येत नाही. तेव्हा तूट ही या कलेची सोबतीण आहे, आणि ती कुणी भरायची एवढाच प्रश्न आहे.

कुसेविट्स्कीला नुसता महोत्सव नको होता, शाळा हवी होती. हा माणूस मुळात डबल बेस वाजवणारा. रशियात जन्मला, व्होल्गा नदीतून बोटीवर वाद्यवृंद घेऊन गावोगावी मैफली करत हिंडला, क्रांतीनंतर १९२० मध्ये देश सोडून निघाला. त्याची शाळा, बर्कशायर म्युझिक सेंटर, ८ जुलै १९४० ला उघडली. शिकवायला एरन कोपलंड आणि पॉल हिंडेमिथ हे संगीतकार. पहिल्याच तुकडीत लेनर्ड बर्न्स्टाइन नावाचा बावीस वर्षांचाही न झालेला मुलगा. उद्घाटनासाठी रँडल थॉम्प्सन या संगीतकाराकडून एक समूहगान मागवलं होतं. त्याच्या स्वरलिप्या अगदी शेवटच्या घटकेला पोचल्या आणि मुलांना बसवायला तासभरही मिळाला नाही. काहीतरी दणदणीत, तुताऱ्यांसारखं गान असावं अशी अपेक्षा होती. थॉम्प्सननं लिहिलं ते संथ आणि गंभीर, जवळजवळ एकाच शब्दावरचं. काही आठवड्यांपूर्वी फ्रान्स पडला होता, आणि त्याला आनंदाचं काही सुचत नव्हतं. आजही त्या शाळेचं प्रत्येक वर्ष त्याच गानानं सुरू होतं.

त्याच उन्हाळ्यात, ऑगस्टमध्ये, टँगलवूडनं मदतीची एक मोठी मैफल केली. शाळा नुकती सुरू झालेली, तिला पैशाची गरज होतीच. तरी ही मैफल शाळेसाठी नव्हती. ती युद्धात होरपळणाऱ्या दोस्त राष्ट्रांच्या मदतनिधीसाठी होती. ज्याला स्वतःला हवं आहे त्यानं आधी दुसऱ्यासाठी मागावं, या गोष्टीचं मला फार अप्रूप वाटतं, आणि टँगलवूडच्या सगळ्या इतिहासात मला हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते.

या वृत्तीची कसोटी लागली १९४२ मध्ये. अमेरिका युद्धात उतरली होती. पेट्रोल आणि टायर यांवर नियंत्रण आलं. डोंगरातल्या महोत्सवाला श्रोते मोटारींनीच यायचे. वाद्यवृंदाच्या विश्वस्तांनी त्या वर्षीचा महोत्सव रद्द केला. कुसेविट्स्कीवर त्याच वर्षाच्या सुरुवातीला घरचा घाला पडला होता, त्याची पत्नी नाताली जानेवारीत वारली होती. तिच्या स्मरणार्थ त्यानं एक निधी स्थापन केला. तो म्हणाला, वाद्यवृंद येणार नसेल तर न येवो, शाळा बंद राहणार नाही. त्या निधीच्या आधारानं शाळा चालली, आणि महोत्सव विद्यार्थ्यांच्या वाद्यवृंदानं केला.

इथं रशियन संगीतकार शोस्ताकोविचची सातवी सिंफनी येते. जर्मन सैन्य लेनिनग्राडवर चालून येत असताना त्यानं ती लिहायला घेतली, शहराला वेढा पडल्यावर त्याला बाहेर नेलं तेव्हा कुइबिशेव्ह इथं १९४१ च्या डिसेंबरात पुरी केली. तिची स्वरलिपी मायक्रोफिल्मवर उतरवून तेहरान आणि कैरोमार्गे अमेरिकेत पाठवली. जुलैमध्ये आर्तुरो तोस्कानिनीनं ती रेडिओवर वाजवली. ९ ऑगस्टला ती खुद्द वेढ्यातल्या लेनिनग्राडमध्ये वाजली. तिथल्या रेडिओ वाद्यवृंदातले कितीतरी वादक उपासमारीनं गेले होते. जे उरले त्यांना आणि सैन्यातून शोधून आणलेल्या वादकांना घेऊन कार्ल एलियासबर्गनं ती बसवली. फुंकायला छातीत हवा हवी म्हणून वादकांना जादा शिधा द्यावा लागला. त्यानंतर पाचच दिवसांनी, १४ ऑगस्ट १९४२ ला, पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला टँगलवूडच्या शेडमध्ये तीच सिंफनी विद्यार्थ्यांनी वाजवली. अमेरिकेतल्या सभागृहात प्रत्यक्ष श्रोत्यांपुढे ती तेव्हा पहिल्यांदाच होत होती. सव्वा तासाच्या आसपास चालणारी, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त पितळी वाद्यं मागणारी ही रचना. पहिल्या भागात ढोलावर एकच ठेका घट्ट धरून ठेवायचा, आणि त्यावर एकच सुरावट वाढत वाढत अंगावर येऊ द्यायची. ठेका धरणाऱ्या मुलाचा हात सैल पडला तर सगळंच कोसळतं. विशी-पंचविशीतल्या मुलांनी ते पेललं. मैफल होती रशियाच्या युद्धमदतीसाठी.

श्रोतेहो, यातली माणसं नीट पाहा. समोर उभा असलेला निर्देशक क्रांतीनंतर रशियातून निघून आलेला, तिथं सगळं गमावलेला, आणि तो त्याच देशातल्या लोकांसाठी झोळी घेऊन उभा आहे. वर्षारंभी बायको गेलेली. विश्वस्तांनी महोत्सव रद्द केलेला. वाजवणारे वादक म्हणजे अजून शिकणारी मुलं, त्यांतली कित्येक लवकरच युद्धावर जाणार. त्या वर्षी टँगलवूडनं स्वतःसाठी मागितलं असतं तर कुणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी लेनिनग्राडसाठी मागितलं. मी या एका संध्याकाळच्या मैफलीवरून त्या संस्थेचं मोल ठरवतो.

आपल्या देशानंही असा अनुभव घेतला आहे. १९५२ मध्ये व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून भारतात आले, मुंबईसह अनेक शहरांत वाजवलं आणि ते उत्पन्न दुष्काळ निवारणाच्या निधीला दिलं. १ ऑगस्ट १९७१ ला रविशंकरांच्या शब्दाखातर जॉर्ज हॅरिसननं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी कार्यक्रम केला, ते तर सगळ्यांना ठाऊक आहे.

युद्धानंतर टँगलवूडमध्ये मदतीची ही रीत आत, शाळेकडे वळली. नातालीच्या स्मरणनिधीतूनच बेंजामिन ब्रिटनला 'पीटर ग्राइम्स' हा ऑपेरा लिहायला पैसे मिळाले होते. त्याचा अमेरिकेतला पहिला प्रयोग १९४६ मध्ये टँगलवूडच्या विद्यार्थ्यांनी केला, आणि निर्देशक होता तोच बर्न्स्टाइन, सहा वर्षांपूर्वीचा विद्यार्थी. १९४० पासून चालत आलेल्या मदतीच्या मैफलीला पुढे 'टँगलवूड ऑन परेड' हे नाव पडलं. हा आज तिथल्या उन्हाळ्यातला उत्सवाचा दिवस असतो. दुपारपासून जागोजागी विद्यार्थ्यांच्या मैफली चालतात. रात्री बोस्टन सिंफनी, बोस्टन पॉप्स आणि विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद एकाच कार्यक्रमात वाजवतात, निर्देशक बदलत राहतात, आणि शेवटी चायकोव्हस्कीच्या '१८१२' ला खऱ्या तोफा आणि आतषबाजी. जमणारा पैसा शाळेसाठी. त्या शाळेत निवडल्या जाणाऱ्या तरुणांकडून शिकवणीचा पैसा घेतला जात नाही.

या बिनफीच्या शिक्षणाचं फळ काय, हे १९५८ मध्ये मुंबईच्या एका मुलाच्या वाट्याला आलेल्या उन्हाळ्यावरून पाहू. झुबिन मेहता. वडील मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा काढला होता. मुलगा घरात रेकॉर्डी आणि तालमी ऐकत वाढला, अठराव्या वर्षी व्हिएन्नाला शिकायला गेला, आणि १९५८ मध्ये टँगलवूडला निर्देशन शिकायला आला. त्या वर्षीच्या स्पर्धेत पहिला आला क्लॉडिओ अब्बाडो आणि दुसरा झुबिन. दोन वर्षांनी, १९६० मध्ये, पहिलं येण्याचा मान सेइजी ओझावा या जपानी मुलाला मिळाला. हाच ओझावा पुढे १९७३ पासून २००२ पर्यंत बोस्टन सिंफनीचा संगीत निर्देशक होता. १९९४ मध्ये टँगलवूडला ११८० आसनांचं एक सुंदर सभागृह झालं. सोनी कंपनीचे प्रमुख नोरिओ ओगा, जे स्वतः शिकलेले गायक होते, त्यांनी त्यासाठी मोठी देणगी दिली आणि सभागृहाला ओझावाचं नाव दिलं गेलं. एका उन्हाळ्यात शिकायला आलेल्या मुलाच्या नावानं ती वास्तू उभी आहे. मदतीचा पैसा कुठं जातो हे विचारणाऱ्याला मी ही वास्तू दाखवीन.

आज मात्र मदतीच्या कार्यक्रमाचा दुसरा एक अवतार सगळ्या जगात फोफावला आहे. मोठमोठ्या महोत्सवांच्या उद्घाटनाला भारी तिकिटाचं रात्रीचं जेवण असतं, तंबूत सजवलेली टेबलं असतात, देणगीदारांची नावं कार्यक्रमपत्रिकेत मोठ्या अक्षरांत येतात. याला मी सरसकट वाईट म्हणणार नाही. त्या जेवणाच्या पैशातून हिरवळीवरचं तिकीट स्वस्त राहत असेल तर ते जेवण सार्थकी लागलं. टँगलवूडमध्ये सतरा वर्षांपर्यंतच्या मुलांना हिरवळीवर फुकट बसता येतं. आईबाप चादर अंथरून, डबा उघडून बसतात, मूल गवतात खेळत खेळत ब्राम्स ऐकतं. हे कुणाच्या तरी देणगीवर चालतं. पण ज्या ठिकाणी पाहुणे ताटकळू नयेत म्हणून गायकाला आवरतं घ्यायला सांगतात, जिथं सत्कार मैफलीपेक्षा लांबतात, तिथं मदत कुणी कुणाला केली याचा हिशेब उलटा झालेला असतो. असे कार्यक्रम मी आपल्याकडेही पाहिले आहेत आणि त्यांचा मला मनापासून राग येतो.

आपल्याकडे गाण्याचे श्रोते उदार आहेत यात मला शंका नाही. भीमसेनजींनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव पुण्यात आज हजारो लोक भारतीय बैठकीत बसून ऐकतात. कोल्हापूरचा देवल क्लब एकोणिसाव्या शतकापासून टिकून आहे. लहान गावांत मात्र संगीत मंडळं एका प्रायोजकावर उभी आहेत. पतसंस्था नाही तर बिल्डर. तो यंदा आहे, पुढच्या वर्षी नसेल. पडद्यावर त्याचं नाव मोठं आणि गायकाचं लहान, याचं दुःख मी समजू शकतो. खरं भय वेगळंच आहे. मंडळ श्रोत्यांकडे मागायचं विसरून जातं. श्रोता फुकट बसतो, फुकट उठतो, आणि पुढच्या वर्षी मैफल झाली नाही तरी त्याच्या ते लक्षातही येत नाही. त्या भिजलेल्या मंडळींना छप्पर आपलं वाटलं, कारण ते त्यांच्याकडे मागितलं गेलं होतं.

म्हणून मंडळांच्या कार्यकर्त्यांना माझी विनंती आहे. मैफलीच्या मध्यंतरात उभे राहा आणि मागा. सत्कार त्या वेळेत करू नका. कशासाठी मागता ते एका वाक्यात सांगा. या वर्षी तबला शिकणाऱ्या दोन मुलींचं शुल्क, किंवा हार्मोनियमची दुरुस्ती, किंवा म्हाताऱ्या सारंगियांचा औषधोपचार. जमलेली रक्कम आणि झालेला खर्च पुढच्या मैफलीच्या पत्रिकेमागे छापा. आणि वर्षातून एक मैफल अशी करा जिचा एकही रुपया मंडळाकडे राहणार नाही. पूर आलेला तालुका शोधावा लागत नाही, दुष्काळही लांब नसतो. त्या मैफलीला वडीलधारे कलावंत आणि शिकणारी मुलं एकाच मंचावर बसवा. मुलांना गाऊ द्या, चुकली तरी गाऊ द्या.

आणि तुम्हा श्रोत्यांना एवढंच सांगतो. पुढच्या मैफलीचं स्वतःचं तिकीट घ्याल तेव्हा तेवढ्याच पैशांचं दुसरं तिकीट गाणं शिकणाऱ्या एखाद्या मुलासाठी घ्या, आणि पैसे देताना पावती मागून घ्या.